दादा ऐकतो

दादाची दुसरी रजा रद्द झाली हे मला कळलं तेव्हा माझा एक हात ठमीच्या पाठीखाली होता आणि फोन खांदा आणि कानाच्या बेचक्यात. वॉर्डातल्या सिस्टर बोलत होत्या. त्यांचा आवाज नेहमीच मऊ असतो, त्यामुळे आधी मला वाटलं, काहीतरी चांगलंच सांगतायत.

"सध्या घरी पाठवायला नको, असं मॅडम म्हणाल्या. डोससुद्धा वाढवावा लागेल बहुतेक. गुरुवारच्या मीटिंगमध्ये ठरेल. तुम्ही याच."

"पण का? मागच्या वेळी तर सगळं छान झालं."

"अहो, तुमच्या घरूनच कळलंय ना. आवाज परत सुरू झालेत म्हणून."

"कुणी सांगितलं?"

तेवढ्यात तिकडे कुणीतरी दार बडवायला लागलं. "आले, आले," असं त्या दाराला म्हणाल्या, मला म्हणाल्या "गुरुवारी बोलू," आणि फोन ठेवून दिला. मी ठमीला लंगोट बांधला. मग बघितलं तर उलटा.

घरूनच कळलंय. आमच्या घरात माणसं ती किती. आई, मी, माझा नवरा आणि ठमी. ठमीची मजल अजून "बा"च्या पुढे गेलेली नाही. आई तर दादा येऊन गेल्यापासून जमिनीवर नाहीये, शेजारच्या बाई पुरे म्हणेपर्यंत त्याचं कौतुक सांगून झालंय. राहता राहिला नवरा. आणि मी.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. त्याच्यासमोर कुणी वाकडा चष्मा घालून बोललं तर त्याचं बोलण्याकडे लक्ष नसायचं, हात वळवळायचे. आमचे बाबा गेले, त्यानंतरच्या वर्षी त्याला आवाज यायला लागले. आधी अनोळखी माणसांचे. मग बाबांचा. बाबांचा आवाज सांगायचा, जेवू नकोस, यात काहीतरी घातलंय. दार लावून घे. ऊठ. दादा उठायचा, दार लावायचा, ताट सरकवायचा. ते जिवंत असताना याने त्यांचं इतकं कधी मानलं नव्हतं, असं आई रडता रडता म्हणायची. तो वाळून काटकी झाला. एक औषध झालं, दुसरं झालं, मग दोन्ही एकत्र झाली. शेवटी एका डॉक्टरांनी हात टेकले आणि सांगितलं, यांचा आजार औषधांना दाद देत नाही.

आई म्हणाली, "दाद द्यायला तो काय मैफिलीला बसलाय?"

दाद न देणाऱ्या अशा लोकांसाठी एका मोठ्या इस्पितळात वेगळा वॉर्ड आहे, तिथे दादाला नेलं. त्या वॉर्डाचं नाव लांबलचक आहे. आम्ही आपलं 'दाद वॉर्ड' म्हणतो. खुर्च्या इतक्या जड की एकट्याला उचलता येत नाहीत, खिडक्या तळहाताएवढ्याच उघडतात, दारांना काचेची उभी पट्टी. तिथल्या मॅडम, म्हणजे मुख्य डॉक्टर, माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. एक औषध आहे, जे बाकीच्यांनी हात टेकल्यावर देतात. चांगलं आहे पण लाडावलेलं आहे, त्याच्यावर सारखी नजर ठेवावी लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करू शकतं, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि रक्त ठीक आलं तरच पुढच्या गोळ्या. झोप येते. लाळ गळते. पोट जाम होतं, आणि ते अंगावर काढलं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे त्या वॉर्डात "कसे आहात"च्या आधी "झाली का" विचारतात. मी पोटुशी असताना दादाला भेटायला गेले तर हा माणूस माझ्या पोटाकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "झाली का?"

मी म्हटलं, "नाही रे, अजून दोन महिने आहेत."

"मग सिस्टरांना सांग. इथे औषध देतात."

तो विनोद होता की नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही. दादाच्या बाबतीत हे असंच असतं. तो हसला तर मी बघते, नक्की कशाला हसला. गप्प बसला तर बघते, नक्की कशाने गप्प बसला. आळसाने झोपलाय की गोळीने झोपलाय की आतून कुणी झोप म्हणालंय. मला ठमीचंही सगळं कळत नाही, पण ती निदान वाढतेय, आज नाही कळलं तर उद्या स्वतः सांगेल.

त्या औषधावर तो हळूहळू भरला. गालावर मांस आलं. आणि मग मॅडमनी रजेचं बोलून दाखवलं. शनिवार-रविवार घरी राहून बघायचं, जमलं तर पुन्हा, जमलं तर आणखी मोठी, आणि मग कायमचा घरी. आई म्हणाली, "नोकरीत होता तेव्हा कधी रजा घेतली नाही पठ्ठ्याने. आता साठवलेल्या वापरतोय."

आई आमच्याकडेच राहते. आम्ही मागची छोटी खोली रिकामी केली. त्यातले खोके, फुटका पंखा, ठमीला अजून मोठे होणारे कपडे हे सगळं आमच्या पलंगाखाली गेलं. नवऱ्याने कुरकुर न करता सगळं उचललं, फक्त खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. मला न विचारता. मी पाहिलं आणि काही बोलले नाही, कारण ती मीच काढणार होते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. ठमी झाल्यापासून माझ्या नवऱ्याला घरात नाव उरलेलं नाही. आई तिला कडेवर घेऊन म्हणणार, "बाबा आले बघ," "बाबांना टाटा कर." आणि मग ठमी झोपलेली असली तरी तेच. "बाबा, चहा घेता ना?" "बाबांचा डबा भरलास का?" आमच्या स्वतःच्या बाबांना ती नेहमीच 'हे' म्हणायची, त्यामुळे तिचा कधी घोटाळा होत नाही. माझा पहिले काही दिवस व्हायचा. मग सवय झाली.

तर दादा आला. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गोळ्यांची, आणि खांद्यावर छोटा टॉवेल, लाळ टिपायला. ठमीला त्याने लांबूनच पाहिलं. तिच्या गळ्यात लाळेरं होतं, भिजून गच्च. दादाने आपल्या टॉवेलकडे बघितलं, तिच्या लाळेऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हे बरं आहे. बांधायचं म्हणजे हात मोकळे राहतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जुन्या चादरीचं त्याच्या मापाचं शिवून दिलं. मामा-भाची दोघं लाळेरं लावून खिडकीशी बसली. नवरा समोर पेपर उघडून बसला होता. पान उलटत नव्हता. दादाने ठमीला मांडीवर घेतलं नाही, मागितलंही नाही. तिने त्याचं बोट धरलं तेवढं धरू दिलं. मग त्याने आईचा चष्मा मागून घेतला आणि सुरीच्या टोकाने त्याचे स्क्रू आवळले. नवऱ्याने सुरीकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं, आईने चष्मा घातला आणि म्हणाली, "अगं बाई, तुमची तोंडं का अशी झालीयेत?"

आणि तो ऐकत होता. म्हणजे सांगितलेलं ऐकत होता. हे आईला फार लागून राहिलेलं, की आपला मुलगा कधी कुणाचं ऐकत नाही. लहानपणापासून. आणि आता माझा नवरा म्हणाला, "दादा, जरा दार लोटता का, ठमीला वारा लागतोय," तर दादाने उठून दार लोटलं. नवरा म्हणाला, "दादा, अजून एक पोळी घ्या," तर घेतली. आई स्वयंपाकघरात येऊन माझा दंड दाबून म्हणाली, "बघितलंस? बाबांचं कसं ऐकतो."

मी बघितलं. मी आणखीही एक बघितलं होतं. जेवताना एकदा त्याचा घास हातातच राहिला. मान जराशी डावीकडे. ती मान मला पाठ आहे, तिच्यामागून काय येतं तेही पाठ आहे. मी ताटावरून उठायच्या बेतात होते. पण त्याने घास तोंडात घातला, चावला, आणि आमटी वाढ म्हणाला. मी वाढली. कुणालाच काही सांगितलं नाही. कशाला सांगायचं होतं, नुसती मान तर होती. माझी नाही का वळत? नळ सोडला की मला ठमी रडतेय असं वाटतं, मी साबणाच्या हातांनी धावत जाते आणि ती गाढ झोपलेली असते. शेजारच्या बाई म्हणतात, सगळ्या आयांना होतं तसं.

तर मग वॉर्डाला सांगितलं कुणी?

आईला विचारलं. ती मटार सोलत होती.

"सिस्टरांचा फोन आला होता खरा," ती म्हणाली. "सोमवारी. तू आंघोळीला गेली होतीस. पण मी तर चांगलंच सांगितलं. कौतुकच केलं. सोन्यासारखा राहिला म्हटलं."

"आवाजाचं काही बोललीस?"

"आवाजाचं कशाला बोलेन? घरात आवाज आहे तो तुझ्या लेकीचा."

मग मी नवऱ्याला विचारलं. तो कामावरून येऊन बूट काढत होता. मी थांबायला हवं होतं, निदान दुसरा बूट निघेपर्यंत.

"तू वॉर्डात फोन केला होतास?"

"मी कशाला करू?"

"मग कोण करणार?"

"तू विचारतेयस की सांगतेयस?"

"कडी तू काढलीस. सुरीकडे तू बघत होतास. दिवसभर एकच पान वाचत होतास."

त्याने बूट जागेवर ठेवला, नीट, दुसऱ्याच्या शेजारी. "भीती वाटत होती मला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण मला भीती वाटली तर मी तुला सांगेन. तुझ्या पाठीमागे तुझ्या भावाच्या वॉर्डाला नाही सांगणार." आणि मग जरा वेळाने, "तुला नव्हती वाटत?"

मी ठमीचं लाळेरं बदललं. ते कोरडं होतं.

बुधवारी दिवसभर मी स्वतःवरच संशय घेतला. हसू नका. ठमी झाल्यापासून मी दुधाचं पातेलं कपाटात ठेवते आणि किल्ल्या फ्रिजमध्ये. एकदा ठमीला कडेवर घेऊन ठमी कुठेय म्हणून घरभर शोधलंय. तो घास, ती मान, मीच कधी अर्धवट झोपेत सिस्टरांना फोन करून सांगून बसले असेन आणि विसरले असेन, असं का होणार नाही? मी फोनमधले गेलेले कॉल वर-खाली करून पाहिले. वॉर्डाचा नंबर नव्हता. तरी पटेना. दादाला आवाज खरे वाटतात तेव्हा असंच होत असेल का, असं मनात आलं, आणि मी फोन पालथा घातला.

गुरुवारी सगळेच गेलो. नवऱ्याने सुट्टी घेतली. तो न बोलता आला आणि न बोलता ठमीला घेऊन भेटीच्या खोलीत बसला, कारण लहान मुलं वॉर्डात चालत नाहीत. फाटकाजवळ ती एक खोली आहे, भिंतीवर हत्ती रंगवलेला, त्या हत्तीचा एक डोळा कुणीतरी खरवडून काढलाय. आई आणि मी आत गेलो.

मीटिंगच्या खोलीत मॅडम, सिस्टर, आणि दादा. दादाने दाढी केली होती. त्याच्या गळ्यात आईने शिवलेलं ते लाळेरं होतं. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे 'काय केलंत हे?' मी खांदे उडवले.

मॅडम सरळ मुद्द्यावर आल्या. "रजा चांगली गेली असं आम्हाला वाटलं होतं. पण आई, तुम्ही फोनवर जे सांगितलंत त्यामुळे आम्हाला विचार करावा लागला. विशेषतः वडिलांच्या आवाजाबद्दल."

"कुणाच्या?" आई म्हणाली.

"यांच्या वडिलांच्या. तो आवाज सगळ्यात धोक्याचा होता ना, म्हणून."

आई माझ्याकडे वळली. "काय म्हणतायत गं?"

"अहो आई," सिस्टर पुढे झुकल्या, "मी तुम्हाला विचारलं, घरी असताना ऐकतात का? तुम्ही म्हणालात, ऐकतो, सगळं ऐकतो."

"मग? ऐकतोच."

"मी विचारलं, कुणाचं? तुम्ही म्हणालात, माझं ऐकतो, आणि बाबांचं तर एका शब्दात. बाबा म्हणाले दार लोट, की लगेच उठून दार लोटतो."

"मग लोटलं ना त्याने," आई म्हणाली. तिच्या आवाजाला धार यायला लागली होती. "माझ्या डोळ्यांसमोर लोटलं. त्यात वाईट काय आहे? बाबा घ्या म्हणाले तर पोळीही घेतली. एरवी कुणी म्हटलं असतं तर घेतली असती का?"

सिस्टरांनी मॅडमकडे पाहिलं. त्या दोघींच्या चेहऱ्यावर एकच काळजी होती, आणि ती आता दादाबद्दल नव्हती, आईबद्दल होती. मॅडम अगदी सावकाश बोलल्या. "आई, तुम्हालाही बाबांचं बोलणं ऐकू येत होतं?"

"का नाही येणार? मी काय बहिरी आहे?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. आधी हसू आलं, मग नवऱ्याचा तो नीट ठेवलेला बूट आठवला आणि हसू जागच्या जागी थिजलं.

"बाबा म्हणजे माझा नवरा," मी म्हणाले. "ठमीचे बाबा. ते बाहेर हत्तीपाशी बसलेत."

मग दादा हसला. खाकरत, लाळ गिळत, पोट हलवत हसला, आणि त्याचं बघून सिस्टरांनी तोंडावर हात धरला. "अहो, आवाज येण्याला वॉर्डात आम्ही तसंच म्हणतो हो," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळचे ऐकतात, दाराजवळचे आता ऐकत नाहीत. माझ्या डोक्यात तेच बसलंय."

"आणि माझ्या डोक्यात हे बसलंय," आई दादाकडे बोट करून म्हणाली. "ऐकत नाही, ऐकत नाही, म्हणून जन्म गेला माझा. आता ऐकायला लागला तर तुम्ही डोस वाढवताय."

मॅडमही हसल्या. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, त्यांनी तो वर केला. मला वाटलं, सुटलो. आता त्या म्हणतील, गैरसमज होता, रजा देऊ, आणि मी बाहेर जाऊन नवऱ्याची कशी समजूत काढायची त्याची वाक्यं जुळवायला लागलेही होते.

पण मॅडम दादाकडे वळल्या. "बरं झालं कळलं. पण मग आता तुम्हीच सांगा. घरी असताना आवाज आले का?"

तो घास. ती मान. मी दादाकडे बघितलं आणि माझ्याही नकळत माझी मान हलली. जराशीच, नाही म्हणून. म्हण ना, नाही म्हण. खोली रिकामी करून ठेवलीये, आईची पाठ आता वाकत चाललीये, डोस वाढला तर तू पुन्हा दिवसभर झोपशील, ठमी तुझं बोट धरून उभी राहायला शिकेल ते बघायचं राहून जाईल. हे सगळं मी त्या एवढ्याशा मानेत घातलं. दादाने ते बघितलं. तो फ्रेमचा वाकडेपणा बघतो तसा माझ्याकडे बघत राहिला.

"येतात," तो म्हणाला.

आईचा हात माझ्या मनगटावर आला.

"आत्ता येतायत?"

"आत्ता आई बोलत होती. तिच्यापुढे कुणाचं काय ऐकू येणार."

"घरी आले होते?"

"जेवताना. आमचे बाबा. म्हणजे हत्तीपाशी बसलेत ते नव्हे. गेलेले." त्याने लाळेऱ्याच्या टोकाने तोंड पुसलं. "पूर्वी कानाशी येऊन बोलायचे. आता पलीकडच्या खोलीत कुणाशी तरी बोलत असल्यासारखे येतात."

"काय म्हणत होते?"

"तेच ते. खाऊ नकोस."

"मग?"

"मग काय? आमटी मागितली."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. दादाला वाटलं असावं की त्यांना नीट कळलं नाही, म्हणून तो ठमीला समजावल्यासारखा एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "ऐकू येतं. ऐकत नाही."

"लहानपणीही असाच होता," आई म्हणाली. "ऐकू सगळं यायचं."

मला हसावं की रडावं ते कळेना. मी दोन दिवस नवऱ्याशी न बोलता काढले ते एका खोट्या बातमीपायी, आणि आता कळलं ती बातमी तर खरी होती. ज्यांनी सांगितली त्यांना ती सांगायची नव्हती, ज्यांनी ऐकली त्यांनी ती चुकीची ऐकली, आणि तरी ती खरी. आणि खरी असूनही वाईट नव्हती. की होती? मी मॅडमच्या चेहऱ्यावर शोधत होते. त्यांनी चष्मा काढला होता आणि त्या डोळे चोळत होत्या, आणि चष्म्याशिवाय त्या अगदी कुणाच्या तरी धाकट्या बहिणीसारख्या दिसत होत्या.

"आवाज पूर्ण थांबले तर मला बरं वाटलं असतं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण औषध वाढवून ते थांबतीलच असं मी सांगू शकत नाही. कधी थांबतात, कधी नाही. झोप आणि पोटाचा त्रास मात्र नक्की वाढेल." त्यांनी दादाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"डावी दांडी सैल आहे," दादा म्हणाला.

"काय?"

"चष्म्याची. द्या इकडे."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि चष्मा दिला. त्याच्याकडे आता हत्यार नव्हतं, त्याने नखाने स्क्रू फिरवला, दांडी वाकवून डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. तेवढं करताना तो बोलला, खाली बघूनच. "डोस वाढवला तर मी झोपेन. झोपलो की ते जवळ येतात. जागा असलो तर मला सांगता येतं त्यांना, आत्ता जेवतोय."

चष्मा परत देऊन झाला. मॅडमनी तो घातला आणि तो घसरला नाही.

ठरलं ते असं. रक्तात औषध किती आहे ते आधी मोजायचं, तोवर डोस आहे तोच. या शनिवारी रजा. घरी कुणीही फोन उचलला तरी सिस्टर आधी विचारणार, कोण बोलतंय आणि कोणते बाबा. आणि दादा त्या आवाजांचं ऐकायला लागला, ताट सरकवलं, दार लावून बसला, तर आम्ही वाट न बघता त्याच क्षणी वॉर्डात कळवायचं.

"म्हणजे ऐकलं तर कळवायचं का नाही ऐकलं तर?" आईने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "आई, तुम्ही फोन मुलीकडे द्या."

दादाला भेटीच्या खोलीपर्यंत आमच्याबरोबर यायची परवानगी मिळाली. सिस्टर किल्ल्या घेऊन पुढे, आई त्यांच्या शेजारी, ऐकणं या विषयावर त्यांची शिकवणी घेत. मी आणि दादा मागे. लांब व्हरांडा, एका बाजूला बंद दारं. त्याने माझ्या मानेबद्दल काहीतरी म्हणायला हवं होतं, किंवा मी तरी. औषधाने त्याची चाल जरा ओढल्यासारखी झाली आहे, मी तिच्याशी पाऊल जुळवत होते.

आणि मला ठमीचं रडणं ऐकू आलं. बारीक, लांबून, भुकेचं. मी थांबले. बघते तर दादाही थांबला होता. मान जराशी डावीकडे.

"रडतेय," तो म्हणाला.

"तुलाही आलं?"

"हो."

माझ्या जिवात जीव आला, कारण दोघांना आलं म्हणजे खरं. आम्ही भरभर चालत आई आणि सिस्टरांना मागे टाकून पुढे गेलो, मी खोलीचं दार ढकललं. एकडोळ्या हत्तीखाली नवरा बसला होता आणि त्याच्या खांद्यावर ठमी गाढ झोपली होती. तोंड उघडं. त्याच्या शर्टावर लाळेचा मोठा नकाशा झालेला. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"रडत होती ना?" मी कुजबुजले.

"नाही. तुम्ही गेलात तेव्हाची झोपलीये."

मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत अशी काही काळजी होती की मला ती आधी ओळखूच आली नाही. वर्षानुवर्षं ज्या काळजीने आम्ही त्याच्याकडे बघत आलो होतो, ती ही.

"तुला कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"ठमी झाल्यापासून."

त्याने मान डोलावली. मग त्याने गळ्यातलं लाळेरं सोडलं, कोरडी बाजू वर करून माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर, ठमीच्या गालाखाली सरकवलं. ती जागी झाली नाही. नवऱ्याने खांदा स्थिर धरला आणि त्याला सरकवू दिलं.

"उठून बघून यायचं," दादा मला म्हणाला, ज्याला यातलं सगळं ठाऊक आहे अशा माणसाच्या आवाजात. "नसलं काही, तर परत येऊन जेवायला बसायचं."

मागून आई आली. "काय झालं? का धावलात?"

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. त्याने शेजारची जड खुर्ची ओढायचा प्रयत्न केला, एका हाताने ती हलेना. "दादा," तो म्हणाला, "बसा ना जरा."

दादा बसला.